कोयता वळचणीलाच बरा

(टाकवे बुद्रुक येथे संध्याकाळच्या वर्गापुढे केलेले भाषण)



दिवसभर राबून तुम्ही इथे आला आहात. कोणी शेतावरून आले. कोणी कारखान्याची पाळी संपवून आले. मायबहिणी चूल आवरून आल्या. तेव्हा आम्ही फार लांबण लावणार नाही. पण आजचा विषय टाळून चालणार नाही.

आधी एक साधा प्रश्न. ज्यांच्या घरात कोयता नाही, त्यांनी हात वर करा.

एकही हात वर झाला नाही. होणारच नाही. मावळातल्या घरात कोयता असायचाच. राबासाठी टाहाळ तोडायचे, कुंपणाला काट्या तोडायच्या, जळण तोडायचे, तर कोयता हवाच. आपले आजे कमरेला आकडी बांधत. तिच्यात कोयता अडकवून रानात जात. संध्याकाळी घरी आले की कोयता वळचणीला खोचत. त्याच घरात पोरेबाळे निर्धास्त निजत. त्या कोयत्याची कोणाला भीती वाटत नसे.

मग हा कोयता रस्त्यावर कसा आला?

शहरात काय घडले

२०२२ साल संपता संपता आणि २०२३ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागात एक नवा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. 'कोयता गँग'. गँग म्हणजे टोळी. ओठावर मिसरूड न फुटलेली पोरे कोयते घेऊन मोटारसायकलवरून येत. दुकानदाराला दम देत. उभ्या गाड्यांच्या काचा फोडत. "आम्ही इथले भाई" म्हणून ओरडत. पोलिसांनी पुष्कळ पोरे पकडली. कोयते विकणाऱ्या दुकानांवरही त्यांना नजर ठेवावी लागली. शेताचे हत्यार विकत घेणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची पाळी आली!

२७ जून २०२३ ची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पुण्याच्या सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन एका तरुणीच्या मागे धावला. दिवसाउजेडी. ती जीव घेऊन पळत होती. रस्त्यावर माणसे होती. बरीचशी नुसती पाहत राहिली. पण परीक्षेचा अभ्यास करायला गावाकडून आलेला एक मुलगा पुढे झाला. त्याने कोयत्याचा हात धरला. मग दुसरेही धावले. मुलीचा जीव वाचला.

मंडळी, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मारणारा तरुण होता. वाचवणाराही तरुणच होता. म्हणजे दोष वयाचा नव्हे. "आजकालची पोरंच वाईट" असे म्हणून हात झटकू नका.

आपल्या दारी कसे आले

कोणी म्हणेल, "हे शहराचं दुखणं. आपल्याला काय त्याचं?"

पण शहर आता लांब राहिले आहे का? इंद्रायणीचा पूल ओलांडला की कान्हे फाटा. तिथून लोकल धरली की तळेगाव, चिंचवड, पिंपरी. आपली पोरे रोज जातात आणि रोज येतात. आपल्या शिवारात कारखाने उभे राहिले. कामाचे ठेके आले. ठेक्यांबरोबर ठेक्यांची भांडणे आली. कोणाची जमीन विकली गेली. घरात एकदम पैसा आला आणि काम गेले. पोराच्या हातात मोबाईल आहे. शहरातला भाई त्याला रोज त्या मोबाईलवर दिसतो. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, त्याचे चित्र काढून सगळ्यांना दाखवायचे, हे पोर तिथेच शिकते. मग त्याच चित्रावरून पोलीस दारात येतात.

पूल ओलांडून आपण शहरात गेलो. त्याच पुलावरून शहर आपल्याकडे आले. चांगले आले, तसे वाईटही आले.

दोन पोरांची गोष्ट

मावळातल्याच एका गावची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. पोरांची नावेही सांगत नाही. त्यांना अजून पुष्कळ जगायचे आहे.

दोघे एका वर्गात शिकले. एकाच संघातून कबड्डी खेळले. एक चढाईला जाई, दुसरा कोपरा सांभाळी. दहावीनंतर चढाईवाल्याने आयटीआय केले. कारखान्यात त्याची नोकरी ठरली. कोपरा सांभाळणाऱ्याने शाळा सोडली. तो फाट्यावर बसू लागला. दोघांत थोडे अंतर पडले, पण वैर नव्हते.

गावची यात्रा आली. पालखीपुढे नाचताना धक्का लागला. शिवीगाळ झाली. फाट्यावर बसणाऱ्याचा नवा शर्ट फाटला. मोठ्यांनी दोघांना वेगळे केले. भांडण मिटले असे सर्वांना वाटले.

त्या रात्री आम्ही त्याच पोराच्या घरी जेवायला होतो. पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवायला उठेना. त्याचा मामा यात्रेला आला होता. तो सर्वांच्या देखत म्हणाला, "गावापुढं मार खाऊन आलास? आता बांगड्या भर बांगड्या!"

सगळे हसले. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. पोरगा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढाईवाल्याने मोबाईलवर स्टेटस ठेवले. स्टेटस म्हणजे आपल्या ओळखीच्या सगळ्यांना दिसेल असे चित्र. त्या चित्रात फाटका शर्ट होता. खाली लिहिले होते, 'वाघाला नडायचं नाय.' सगळ्या गावाने ते पाहिले. ज्याचा शर्ट, त्यानेही पाहिले.

फाट्यावर तिशीचा एक माणूस होता. त्याचे चढाईवाल्याच्या घराशी जुने वाकडे. त्याने या पोराला चहा पाजला. दारू पाजली. आपली मोटारसायकल दिली. आणि म्हणाला, "तू अजून अठराचा न्हाईस. तुला काय बी होत नाय."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोयता चालला. तो काही शहरातून आणलेला कोयता नव्हता. वळचणीचाच होता. आज्याचा. राबाचा.

चढाईवाल्याचा जीव वाचला. पण उजव्या हाताची तीन बोटे आता मिटत नाहीत. यंत्रावरची नोकरी गेली. दुसरा पोरगा निरीक्षणगृहात गेला. मोटारसायकल देणारा तुरुंगात गेला. एका घराने दवाखान्यासाठी जमीन विकली. दुसऱ्याने वकिलासाठी विकली. दोघांची खाचरे बांधाला बांध लागून होती. आज त्या दोन्ही खाचरांना मिळून एकच तारेचे कुंपण आहे. ते तिसऱ्याचेच आहे.

आता आपण हिशेब करू. धक्का लागला पहिल्या रात्री. वार झाला तिसऱ्या दिवशी. मध्ये सबंध दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत त्या पोराजवळ जाऊन कोणी बसले नाही. गेला तो फक्त फाट्यावरचा माणूस. आम्ही शहाणी म्हणवणारी माणसे काय म्हणालो? "पोरंच ती. इसरतील."

ही आमची चूक. आज तुमच्यापुढे बोलायला उभे आहोत, ते ही चूक सांगण्यासाठीच.

मारामारीची लागण

तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना देवीची साथ आठवत असेल. १९७५ सालानंतर आपल्या देशात देवीचा रोगी झाला नाही. तो रोग कसा गेला? एका घरात रोगी सापडला की आरोग्याची माणसे लगेच तिथे जात. घरातल्यांना टोचत, शेजाऱ्यांना टोचत, आजूबाजूच्या वाड्यांना टोचत. रोगाभोवती असे कडे केले की तो पुढे जात नसे.

अमेरिकेत शिकागो नावाचे मोठे शहर आहे. तिथले एक डॉक्टर, गॅरी स्लटकिन, आफ्रिकेत साथीच्या रोगांवर काम करत होते. परत आल्यावर त्यांनी शिकागोतले खून पाहिले. त्यांना वाटले, हे तर साथीसारखेच पसरते आहे. एकाला मारले की त्याचा मित्र सूड घेतो. मग त्याचा भाऊ. मग दुसऱ्याचा चुलता. २००० साली त्यांनी एका वस्तीत काम सुरू केले. पोरे ज्यांचे ऐकतात अशी त्याच वस्तीतली माणसे निवडली. त्यांतले काही तर पूर्वी स्वतःच टोळीत होते. भांडण झाले की त्यांनी त्याच रात्री जायचे. दवाखान्यात जायचे, घरी जायचे. रागावलेल्या पोराजवळ बसायचे. त्याला एक रात्र थांबवायचे, मग दुसरी. पुढे ही रीत दुसऱ्या अनेक शहरांनी घेतली.

पाहा, यात यंत्र नाही, औषध नाही. राग एका रात्रीत विझत नाही, पण कोणी शेजारी बसले तर तो पेटत नाही. एवढेच.

आपल्या मातीतली उदाहरणे

हे परमुलखातच होते असे नाही. भिवंडीचे उदाहरण घ्या. मागांचे गाव. हिंदू आणि मुसलमान शेजारी शेजारी राहतात. तिथे १९७० साली आणि १९८४ साली मोठे दंगे झाले. पुष्कळ माणसे मेली. १९८८ साली सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी तिथे आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या. समितीत कोण? साधी माणसे. दोन्ही धर्मांची. त्या भागाचा पोलीसही त्यांच्यात बसे. नळाचे भांडण, गटाराचे भांडण, पोरांची मारामारी, सारे तिथेच बोलून मिटे. बसता बसता ओळख झाली. ओळखीतून भरवसा आला.

मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ उजाडला. मुंबई पेटली. तिथे सुमारे नऊशे माणसे मेली. आणि जवळची भिवंडी? भिवंडी शांत राहिली. आग लागल्यावर विहीर खणता येत नाही. भिवंडीने ती चार वर्षे आधी खणली होती.

दुसरे उदाहरण नागपूरचे. विजय बारसे हे तिथल्या महाविद्यालयात खेळाचे शिक्षक होते. एका पावसाळी दिवशी त्यांना झोपडपट्टीतली पोरे दिसली. ती एक फुटकी बादली लाथांनी उडवून खेळत होती. सरांनी त्यांना फुटबॉल दिला. जोवर खेळ चाले, तोवर पोरे वाईट नादाकडे जात नसत. हे पाहून २००१ साली त्यांनी झोपडपट्टीच्या पोरांचे सामने भरवले. पुढे त्यांतली काही पोरे परदेशी जाऊन भारताकडून खेळली. टोळीत वावरलेली पोरेही त्यांत होती. यावरूनच नागराज मंजुळे यांनी 'झुंड' हा चित्रपट काढला. तो २०२२ साली आला.

भिवंडीत समिती होती. नागपुरात चेंडू होता. दोन्हीकडे मोठे माणूस पोरांपर्यंत आधी पोचले. वाईट माणूस पोचण्याच्या आधी.

"अठराच्या आत म्हणजे मोकळा" हे खोटे

आता कायद्याचे दोन शब्द. फाट्यावरचा माणूस म्हणाला, "तुला काय बी होत नाय." हे खोटे आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवत नाहीत, हे खरे. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी असतो आणि दोन समाजसेवक असतात. त्या दोघांत निदान एक बाई असावी लागते. मुलगा सुधारावा, हा त्या कायद्याचा हेतू. पण मंडळ मुलाला घर सोडून निरीक्षणगृहात ठेवू शकते. आणि २०१५ च्या कायद्याप्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलाने फार मोठा गुन्हा केला, तर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालू शकतो.

आणि पोरांना पुढे करणाऱ्या मोठ्यांचे काय? १ जुलै २०२४ पासून देशात नवा फौजदारी कायदा लागू झाला. त्याप्रमाणे मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त दहा वर्षे कैद आहे. मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ही गोष्ट फाट्यावर बसणाऱ्या प्रत्येक थोराला कळू द्या. पोरांनाही कळू द्या. "दादा माझ्यासाठी जीव देईल" असे पोराला वाटते. दादा जीव देत नाही. दादा पोराचा जीव वापरतो.

आपण काय करायचे

आता मुद्द्याचे सांगतो. पाच गोष्टी आहेत. बोटांवर मोजा.

पहिली गोष्ट. पहिली रात्र चुकवू नका. भांडण झाले की त्याच रात्री दोन्ही घरी जा. उपदेश करू नका. "जेवलास का?" एवढे विचारा आणि बसा. पोराला बोलू द्या. शिव्या दिल्या तरी ऐकून घ्या. निघताना म्हणा, "उद्या सकाळी मी परत येतो. तोवर काही करू नकोस." आणि सकाळी खरेच जा.

दुसरी गोष्ट. माणसे आधी ठरवून ठेवा. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावोगाव समित्या झाल्या. त्यांनी बांधाचे, भाऊबंदकीचे तंटे मिटवले. पोरांच्या भांडणाला मात्र आपण तंटा म्हणतच नाही. ते म्हणायला शिका. समितीत पोरे ज्यांना मानतात अशी माणसे घ्या. जुना पैलवान, सुट्टीवर आलेला फौजी, कबड्डी शिकवणारा, भजनी मंडळातला कोणी. आणि बायका घ्याच. पोरगा जेवला नाही हे आधी आईलाच कळते.

तिसरी गोष्ट. जिभेला आवर घाला. "बांगड्या भर" हे शब्द घरात नकोत. बांगड्या भरलेल्या हातांनीच आपल्याला भरवले. त्यांत लाज कसली? जो मार परत देत नाही तो नामर्द, असे आपण म्हणतो आणि पोराच्या हाती कोयता देतो. त्या मामाने कोयता शिवलाही नाही. पण पहिला वार त्याच्या जिभेने केला. घरात उठताबसता पोराला मारणाऱ्या बापानेही याचा विचार करावा. पोर मार खाऊन मारच शिकते.

चौथी गोष्ट. संध्याकाळ रिकामी ठेवू नका. कोणत्या पोराने शाळा सोडली, कोण दिवसभर फाट्यावर बसतो, याची यादी करा. आता तुम्हाला लिहिता येते. मग लिहा. मैदान ठेवा, तालीम चालवा. आयटीआयचा अर्ज भरायला बरोबर जा. तलवारीने केक कापणाऱ्याच्या वाढदिवसाला मोठ्यांनी जाऊ नये. वर्गणीही देऊ नये.

पाचवी गोष्ट. गोष्ट हाताबाहेर जाते असे दिसले तर लपवू नका. ११२ या क्रमांकावर पोलिसांना फोन करा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पोलिसांना आधी सांगणे म्हणजे चहाडी नव्हे. ते दोन घरे वाचवणे आहे.

तो परत आला तेव्हा

आता त्या गोष्टीचे शेवटचे सांगतो.

काही महिन्यांनी निरीक्षणगृहातला पोरगा घरी आला. त्याला कोणी काम देईना. शेजारी दार लावून घेत. फाट्यावरची टोळी मात्र हार घेऊन आली होती. तिला तो हवा होता. आता तर त्याचे नाव झाले होते!

या वेळी आम्ही झोपलो नाही. गावातल्या दोन जाणत्या माणसांना घेऊन त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "आता कशाला आलात? तवा यायचं हुतं."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही म्हणालो, "चुकलं आमचं." आणि बसलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. आज तो वेल्डिंगच्या कामावर जातो. ज्याची बोटे मिटत नाहीत, तो गावातल्या लहान पोरांना कबड्डी शिकवतो. ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. आम्हीही आग्रह धरत नाही. समोरासमोर आले तर दोघे आपापल्या वाटेने जातात. आज एवढेही पुष्कळ आहे.

बंधूंनो, भगिनींनो, घरी जाताना आपापल्या आळीकडे एकदा नीट पाहा. कोणाचे पोर दोन दिवस गप्प आहे? कोण जेवला नाही? कोणाला चारचौघांत कोणी हसले? तिथे आज रात्रीच डोकावा. उद्यावर टाकू नका.

कोयता आपला आहे, शेताचा आहे. तो वळचणीलाच राहू द्या. आणि पोरगाही आपलाच आहे. त्याला फाट्यावर सोडू नका.



वाचून झाल्यावर एकमेकांशी बोला

१. धक्का लागल्यापासून वार होईपर्यंत किती दिवस होते? त्या दिवसांत कोणी काय करायला हवे होते?

२. मामाने चूक केली की नाही? तुमच्या घरात असे शब्द कोणी बोलतो का?

३. तुमच्या गावात पोरे कोणाचे ऐकतात? अशा पाच माणसांची नावे लिहा.

४. ११२ आणि १०९८ हे आकडे घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.